काहीच न विकणारी सल्लागार

मी आयसीयूत नर्स आहे. पगार बरा, पण पैशांचा कारभार म्हणजे ओळखीचं कोणी फॉर्म घेऊन आलं की सही. बँकेतल्या माणसाने सुचवलेले चार फंड आणि नात्यातल्या एजंटाने गळ्यात मारलेली एक पॉलिसी. शेवटी वैतागून, कमिशन न घेता फक्त फी घेणाऱ्या एका आर्थिक नियोजक बाईंकडे गेले. त्याला सहा महिने झाले.

फी ठोक होती, महिन्याच्या पगाराचा जवळपास तिसरा हिस्सा. आकडा ऐकून पोटात गोळाच आला. मग त्यांनी माझ्या फंडांचा खर्च दाखवला. साध्या इंडेक्स फंडापेक्षा, म्हणजे शेअर न निवडता बाजाराच्या निर्देशांकाची नुसती नक्कल करणाऱ्या फंडापेक्षा, वर्षाला दीड टक्का जास्त. शंभर गुंतवले आणि वर्षाला ८ टक्के मिळाले तर ३० वर्षांत त्याचे १,००६ होतात, साडेसहा टक्क्यांनी फक्त ६६१. ही फी मी वर्षानुवर्षं भरत होते, पण पावती कधी हातात पडली नाही म्हणून बोचली नव्हती.

पहिल्या भेटीत नेहमीची प्रश्नावली आली. 'बाजार २० टक्के पडला तर काय कराल?' मी ऐटीत 'आणखी खरेदी करेन' वर खूण केली. बाईंनी कागद बाजूला सारला आणि विचारलं, "सिस्टर, मार्च २०२० मध्ये काय केलं होतंत?"

खरं सांगायचं तर, पीपीई उतरवून, नाकावर मास्कचे वळ तसेच असताना, चेंजिंग रूममध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर सगळे फंड विकले होते. अमेरिकेचा एसअँडपी ५०० हा शेअर निर्देशांक तेव्हा महिनाभरात ३४ टक्क्यांच्या आसपास घसरला होता आणि ऑगस्टमध्ये परत जुन्या उंचीवर पोचलाही. मी वर्षभराने परत घेतले, चांगले महाग. हे मी घरीही बोलले नव्हते. बाई फक्त "बरं" म्हणाल्या आणि शेअरचा हिस्सा ८० वरून ५५ टक्क्यांवर आणला. पेशंट 'दुखत नाही' म्हणाला तरी आम्ही नाडी बघतोच, तसंच झालं हे.

पॉलिसीचा हिशेब तर डोळ्यांसमोर वहीत मांडला. दरवर्षी १०० असे २० हप्ते, शेवटी ३,०००. एजंट याला 'हमखास दीडपट' म्हणायचा. पण पहिला हप्ता २० वर्षं राहतो, शेवटचा एकच वर्ष. परतावा निघाला वर्षाला पावणेचार टक्क्यांच्या आतच. मी लगेच "मोडून टाकू?" म्हटलं, तर नाही म्हणाल्या. भरलेले हप्ते विसरा, आज मोडून काय हातात येतं आणि पुढचे हप्ते दुसरीकडे टाकले तर काय होईल, तेवढंच बघा. गणित पेड-अप करण्याच्या, म्हणजे पुढचे हप्ते बंद करून पॉलिसी कमी रकमेवर तशीच ठेवण्याच्या बाजूने लागलं. विम्यासाठी साधा टर्म प्लॅन घेतला, मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा. सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बचत खात्यात आणि मुदत ठेवीत ठेवली, बाकीचे इंडेक्स फंड आणि रोखे. यात चमकदार काही नाही. व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीचे संस्थापक जॉन बोगल यांनी सामान्य गुंतवणूकदारांसाठी इंडेक्स फंड आणला १९७६ मध्ये, म्हणजे कल्पना माझ्यापेक्षा वयाने मोठी.

आता तक्रारी. अहवाल ३८ पानांचा, त्यातली निम्मी पानं कुणालाही छापून देता येतील अशी. निवृत्तीचा आलेख तर सरळ रेषेत वर चढणारा, महागाई धरलेलीच नाही! मी विचारलं तेव्हा नव्याने करून दिला. दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात याचा ठोकताळा म्हणजे ७२ ला दराने भागायचं: ७२ ला ६ ने भागलं की १२, म्हणजे ६ टक्के महागाईत १२ वर्षांत खर्च दुप्पट. फी घेऊन अहवाल देणाऱ्याने हे विसरायचं? शिवाय ईमेलचं उत्तर एकदा नऊ दिवसांनी आलं. आणि वार्षिक तपासणीची फी वेगळी, हे सुरुवातीला कुणी बोललंच नव्हतं, करारात तळाशी बारीक अक्षरात होतं.

ज्यांच्याकडे अजून कर्जाचे हप्ते आणि रिकामं खातं एवढंच आहे त्यांनी इथे पैसे घालू नयेत, आधी क्रेडिट कार्ड फेडावं. माझ्यासारखी चुकांची थैली साठली असेल तर मात्र जावं. पुढच्या वर्षीच्या तपासणीची फी भरायची की नाही, ते अजून ठरवलेलं नाही. शेअरचा हिस्सा ५५ टक्क्यांवरून ६२ वर गेला तर विकून परत ५५ वर आणणं मलाही जमेल. बाजार आपटला त्या रात्री मोबाइल हातात असताना जमेल का, तेवढीच शंका आहे.