जुने फोटो ठेवायचे कुठे: घरचा ग्रुप, फेसबुक की विकिमीडिया कॉमन्स?

कोल्हापुरात २०१९ च्या महापुरात भिजलेल्या अल्बमची पाने ज्यांनी पंख्याखाली वाळवली, त्यांना स्कॅनिंगचे महत्त्व सांगायला नको. प्रश्न उरतो तो स्कॅन केलेले फोटो ठेवायचे कुठे, हा. पण त्याआधी हक्क कोणाचा हे कळावे म्हणून फोटो उलटा करून पाहावा.

माझ्यासमोर दोन फोटो आहेत. एकात लग्नानंतर अंबाबाईच्या दर्शनाला टांग्यातून निघालेले आजी-आजोबा भवानी मंडपाच्या कमानीसमोर दिसतात आणि मागे स्टुडिओचा पुसट जांभळा शिक्का आहे. दुसरा खासबाग मैदानातल्या कुस्तीचा, मागची बाजू कोरी. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे टांग्याच्या फोटोवर हक्क स्टुडिओचा नव्हे, आजोबांचा आणि त्यांच्या पश्चात सगळ्या वारसांचा; अल्बम ज्याच्या कपाटात, त्या एकट्याचा नाही, हे भाऊबंदकीत सोयीने विसरले जाते. कुस्तीचा फोटो विकत घेतलेला असला तरी हाती आली ती फक्त प्रत, हक्क नव्हे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोंवरच्या हक्काची मुदतही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे धरली जाते, तेव्हा कागद पिवळा पडला म्हणून हक्क संपत नाही.

व्हॉट्सॲपचा घरचा ग्रुप सोपा. मात्र फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर बारकावे जातात. फेसबुकवर मालकी आपल्याकडेच राहते, कंपनीला फक्त वापराचा परवाना मिळतो, आणि ‘टांगेवाला आमच्या पेठेतला’ असे सांगणारे कोणी भेटते ते तिथेच. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहात, फोटो मूळ आकारात टिकतो. पण तिथे लागणारा मुक्त परवाना (कोणालाही वापराची मोकळीक) एकदा दिला की मागे घेता येत नाही, कोणीही तो फोटो दिनदर्शिकेवर छापून विकू शकतो आणि हक्कदारांची लेखी संमती लागते. शिवाय तो घरगुती अल्बम नव्हे. बारशा-मुंजीचे फोटो तिथे चालत नाहीत.

माझ्या मते ज्या फोटोत घराइतकेच गावही दिसते, तेवढाच कॉमन्सवर द्यावा. बाकीचे ग्रुपवरच शोभतात. कुस्तीचा फोटो मी ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून हार्ड डिस्कवर ठेवला आहे, काढणाऱ्याचा माग लागेपर्यंत तो तिथेच राहील. टांग्याच्या फोटोसाठी तिघा वारसांच्या सह्या झाल्या असून धाकट्या काकांची तेवढी बाकी आहे.