जिनोमिक्सच्या नोकरीसाठी गेलेले ३३,०५० रुपये

बायोइन्फॉर्मॅटिक्समध्ये एम.एस्सी. करून गोव्यात फोंड्याला घरी बसलेल्या मुलीला वेर्ण्याच्या औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीचे काम कदाचित मिळेल, पण जिनोमच्या, म्हणजे सजीवाच्या संपूर्ण जनुकीय माहितीच्या, विश्लेषणाचे नाही. म्हणूनच बेंगळुरूच्या कंपनीच्या नावाने घरून काम करण्याची, दरमहा ४२,००० रुपयांची संधी आली तेव्हा मी अर्ज केला. मी लोभी नव्हते. जेआरएफची, म्हणजे पीएच.डी. करणाऱ्या कनिष्ठ संशोधकाची, छात्रवृत्ती २०२३ पासून ३७,००० रुपये आहे, त्यामुळे हा आकडा मला खराच वाटला. लाखभर सांगितले असते तर मी तिथेच फोन ठेवला असता.

आधी नोंदणीचे २,५०० घेतले, मग सर्व्हरसाठी परतीच्या बोलीवर १८,७५० अनामत आणि शेवटी प्रशिक्षणाचे १०,००० व त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. अनामतीसाठी आईने पतसंस्थेतली ठेव मोडली.

खरी चूक त्याआधीच, चाचणीच्या दिवशी झाली. दुर्मीळ आजाराच्या रुग्णांची म्हणून पाठवलेली व्हीसीएफ फाइल (जनुकीय बदलांची यादी) उघडली, तर तिच्या शीर्षभागात गुणसूत्रे १ ते १९, एक्स आणि वाय एवढीच होती. माणसाला २२ जोड्या आणि वर लिंगगुणसूत्रे असतात. एकोणीसवर थांबतो तो उंदीर. हे मला पहिल्याच मिनिटाला दिसले, मी उत्तरात लिहिलेही, आणि ‘उत्तम निरीक्षण, तपासून कळवतो’ या एका वाक्यावर मी खूश झाले. ज्यांना रुग्ण आणि उंदीर यांतला फरक कळत नाही ते माझी निवड कशी करतील, हा प्रश्न मला त्या रात्री पडायलाच हवा होता. दुसऱ्या दिवशी मी अनामत भरली.

जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. पावतीवरचा क्रमांक ०७ ने, म्हणजे दिल्लीच्या अंकांनी, सुरू होत होता; कर्नाटकाचा २९ ने होतो. पैसे भरण्याआधी तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा.

त्यांचा फोन बंद झाल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, तीही चार तास उशिरा. तुम्ही क्षणभरही थांबू नका, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधीच अडवता येतात. बँकेत ‘पिन तुम्हीच टाकलात’ एवढेच ऐकवले. पोलीस ठाण्यात, पैसे कर्नाटकात गेले तर तक्रारही तिकडेच करा, असे सांगितले. हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, हे मी छापून नेऊन दाखवले, तर तो कागद न वाचताच परत केला आणि ‘एवढी शिकलेली असून?’ असे आईसमोर विचारले. एका अर्जासाठी फोंडा ते पणजी तीन खेपा झाल्या. एकदा साहेब जेवायला गेले होते, एकदा बँकेचा उतारा शिक्क्याचा हवा होता, आणि तिसऱ्यांदा अर्ज घेतला पण पोच दिली नाही. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

प्रकल्प सरकारी अनुदानाचा आहे असे कोणी सांगितले, तर मुख्य संशोधकाचे नाव विचारा आणि संस्थेच्या संकेतस्थळावरून त्यांचा पत्ता स्वतः शोधून त्यांनाच लिहा. मला आलेली सगळी पत्रे फुकटच्या ईमेलवरून होती. रुजू होण्यासाठी अनामत मागणारी प्रयोगशाळा मला आजवर माहीत नाही.

ऑनलाइन तक्रारीपुढे दोन महिने ‘प्रक्रियेत’ एवढेच लिहिलेले आहे.