छाप एनकेटी २७५ चा, आत भलताच ट्रान्झिस्टर

रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा १९६७ च्या सुमाराचा लीड टोन ज्याला हवा, तो कधी ना कधी फझ फेसपाशी येतोच. गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणारं, लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये काढलेलं हे गोल पेडल. आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट (फिरवायची बटणं), बस. एवढ्याशा सामानाचा भाव चढतो तो न्यूमार्केटच्या एनकेटी २७५ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरमुळे, आणि गंडवतात ते नेमकं तिथेच.

एका गिटारवादकाने ऑनलाइन घेतलेल्या पेडलचं असंच झालं. ‘अस्सल जुने एनकेटी, निवडून लावलेले’ असं सांगून विकणाऱ्याने साध्या फझच्या कितीतरी पट पैसे घेतले. व्हिडिओत आवाज सुरेख होता. घरी तोच आवाज कर्कश, आणि गिटारचा व्हॉल्यूम ६-७ वर आणला तरी निवळेना. चांगल्या जर्मेनियम फझची खूण हीच, की पेडल फुल ठेवून गिटारचा व्हॉल्यूम जरा उतरवला की टोन जवळजवळ क्लीन, म्हणजे स्वच्छ होतो. मात्र गिटार थेट फझमध्ये हवी. मध्ये बफर (सिग्नल सांभाळणारं सर्किट) किंवा वायरलेस आला की ही परीक्षा फोल ठरते.

तक्रार केल्यावर उत्तर आलं, “तुमचा अँप लहान आहे.” यात थोडं तथ्य असतं, म्हणूनच माणूस गप्प बसतो. हेंड्रिक्सच्या फझपुढे १०० वॉटचा, जोरात चालणारा मार्शल अँप होता. घरातल्या क्लीन ट्रान्झिस्टर अँपवर बहुतेक फझ किरकिरतात. पण व्हॉल्यूम उतरवल्यावरही न निवळणं अँपच्या माथी मारता येत नाही.

पेडल उघडून मोजल्यावर उलगडा झाला. यासाठी काही सोल्डर काढावं लागत नाही. इनपुटला केबल लावा म्हणजे बॅटरी चालू होते, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस (बेस, एमिटर, कलेक्टर या तीन पायांपैकी एक) ते ग्राउंड मोजा. चिन्ह उणे आलं तरी चालेल, आकडा पाहा. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरला साधारण ०.१ ते ०.२ व्होल्ट, सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरला ०.६ च्या आसपास. इथे ०.६१ होता, म्हणजे आत सिलिकॉन. ॲसिटोनच्या बोळ्याने वरचा छापही पुसून निघाला. सिलिकॉन वाईट असतो असं नाही, पुढे खुद्द फझ फेसमध्येही सिलिकॉन बीसी १०८ आलेच. पण तो अगदी किरकोळ किमतीत मिळतो आणि इथे पैसे जर्मेनियमचे घेतले होते. ही सरळ लबाडी आहे.

दुसरी लबाडी पकडायला जास्त अवघड. ट्रान्झिस्टर खरा जर्मेनियम, पण लीकेज (बेस मोकळा असतानाही झिरपणारा करंट) भरपूर. मीटरच्या एचएफई सॉकेटमध्ये, म्हणजे गेन (ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो) मोजायच्या जागी, तो ‘१३०’ दाखवतो, कारण लीकेजही गेनमध्येच मोजलं जातं. सुटा ट्रान्झिस्टर असा तपासा: पीएनपी प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा एमिटर ९ व्होल्टच्या प्लसला, कलेक्टर २.४७ के (किलोओम) रेझिस्टरमधून मायनसला, बेस मोकळा. रेझिस्टरवरचं व्होल्टेज म्हणजे लीकेज. मग बेसपासून मायनसला २.२ मेगओमचा रेझिस्टर लावून पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक गुणिले १०० हा खरा गेन. आधी ०.६ आणि नंतर १.३ व्होल्ट आले, तर गेन १३० नाही, फक्त ७०; आणि लीकेज सुमारे २४० मायक्रोअँपिअर. ०.७५ व्होल्टच्या वर लीकेज असेल तर परत करा. मोजताना ट्रान्झिस्टर बोटांत धरू नका, अंगाच्या उबेनेही आकडा चढतो. फझमधल्या पहिल्या ट्रान्झिस्टरसाठी ७० ते ८०, दुसऱ्यासाठी ११० ते १३० गेन छान जमतो. हे आकडे मिळाले, तर वर एनकेटी लिहिलंय की एसी १२८ (दुसरा जर्मेनियम ट्रान्झिस्टर), याला आमच्या लेखी महत्त्व नाही.

दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्टच्या आसपास हवेत. नसतील तर ८.२ के रेझिस्टरच्या जागी २० के चा ट्रिमर (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावून आणता येतात. उन्हाळ्यात हे व्होल्टेज सरकतं, तो दोष विकणाऱ्याचा नाही.

पैसे देण्याआधी आतला फोटो आणि बेस व्होल्टेज मोजतानाचा व्हिडिओ मागा. आतलं काही दिसू नये असा इपॉक्सी (घट्ट होणारा गोंद) सर्किटवर ओतलेला असेल तर जर्मेनियमचा भाव देऊ नका. आणि पीएनपी फझ बहुधा पॉझिटिव्ह ग्राउंड असतो, म्हणजे बॅटरीचा प्लस ग्राउंडला जोडलेला. तो इतर पेडलांच्या डेझी चेनवर (एकाच सप्लायवरून सगळ्यांना वीज देणाऱ्या वायरवर) लावला की सप्लाय शॉर्ट होतो आणि विकणारा ‘तुम्हीच जाळलंत’ म्हणून हात झटकतो. तक्रार मिटेपर्यंत त्याला वेगळी बॅटरीच लावा.