आधी नातेवाइकांना की आधी रुग्णाला?

विदर्भातील खेड्यांतून, वर्षानुवर्षे खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाऊन तोंडाचा कर्करोग शेवटच्या टप्प्यात गेलेला रुग्ण येतो, तेव्हा सोबतचा मुलगा किंवा भाऊ डॉक्टरांना बाजूला घेऊन "त्यांना सांगू नका" अशी विनवणी करतो. ही विनवणी मायेपोटी असते, आणि आधी नातेवाइकांना सांगितल्याने रुग्णाला सावरणारी माणसे तयार होतात, हे मान्यच आहे. परंतु नागपूरच्या फेऱ्या, कर्ज, शेत विकणे हे निर्णय मग ज्याचे आयुष्य आहे त्याला वगळून होतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलेले वैद्यकीय इच्छापत्रही (शेवटच्या काळात कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणे) अंधारात ठेवलेला रुग्ण विचारपूर्वक करू शकत नाही.

थेट रुग्णाला सांगणे मला अधिक न्याय्य वाटते. मात्र ओपीडीच्या गर्दीत, एका वाक्यात नव्हे. वाईट बातमी रुग्णाला कशी सांगावी यासाठी २००० साली मांडलेल्या 'स्पाइक्स' या सहा पायऱ्यांच्या पद्धतीत रुग्णाला काय ठाऊक आहे आणि किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी विचारले जाते. "पोरालाच सांगा" असे तो स्वतः म्हणाला, तर तोही त्याचाच निर्णय होय. वेदना कमी करण्यासाठी काय करता येईल, हे मात्र त्याच बैठकीत सांगितले पाहिजे.