झुरिकचा दादा वॉक: सगळे दादाच, ताई कुठंय?

झुरिकमध्ये दादा या कलाचळवळीच्या (आपला मोठा भाऊ नव्हे) जागा पायी फिरून दाखवणारी दोन तासांची टूर केली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गाइड पोरगा खरंच मनापासून सांगत होता, आवाज खणखणीत, घाई नाही, मागे राहिलेल्यांसाठी थांबत होता. माझी तक्रार त्याला ज्यानं कोणी स्क्रिप्ट लिहून दिलंय त्याच्याबद्दल आहे.

आधी चांगलं सांगते. सुरुवात श्पीगेलगासे 1 पासून, म्हणजे काबारे व्होल्तेअर हा गाण्या-कवितांच्या कार्यक्रमांचा अड्डा, जिथे 5 फेब्रुवारी 1916 ला ह्यूगो बाल आणि एमी हेनिंग्ज यांनी हे सगळं सुरू केलं. बाहेर महायुद्ध पेटलेलं, स्वित्झर्लंड तटस्थ, त्यामुळे युद्धाला कंटाळलेले, पळून आलेले कवी-चित्रकार इथे गोळा झाले आणि ज्या शहाण्या जगानं ही कत्तल चालवलीय त्याच्या शहाणपणालाच वेडावून दाखवायला लागले. बालनं अंगावर पुठ्ठ्याचे नळकांडे चढवून अर्थ नसलेल्या कविता म्हटल्या आणि त्या ड्रेसमध्ये त्याला चालता येईना म्हणून त्याला उचलून स्टेजवर न्यावं लागलं, हा किस्सा गाइडनं इतका रंगवला की आमच्या ग्रुपमधली दोन शाळकरी मुलं हसून लोळायची बाकी होती. मग त्याच गल्लीत चढ चढून 14 नंबरला, तिथे त्याच काळात लेनिन भाड्यानं राहायचा. एका टोकाला हा गोंधळ आणि चार पावलांवर क्रांतीची तयारी. इथपर्यंत पैसे वसूल.

पण मग बाल झाला, त्झारा झाला, ह्यूल्सेनबेक, यांको, आर्प, दादातले सगळे पुरुष झाले आणि त्यांच्यातलीच कलाकार सोफी टॉयबर, तिच्या वाट्याला काय, तर "आर्पची बायको, ती पण नाचायची". बस. एक वाक्य, ते पण चालता चालता, ट्रामच्या आवाजात. एमीचं पण साधारण तेच, काबारे जिच्या गाण्यावर चालायचं ती बाई दोन मिनिटांत आटपली. आणि सोफी बायको कसली, तिचं नि आर्पचं लग्न झालं 1922 ला! दादाच्या धामधुमीत ती झुरिकच्या कला-हस्तकला शाळेत टेक्स्टाइल शिकवत होती, 1916 ते 1929 अशी चांगली तेरा वर्षं, आणि त्या सगळ्या कलंदर मंडळींमध्ये महिन्याला ठरलेला पगार आणणारी ही, घर बरंचसं तिच्याच पैशावर चालायचं. शाळेला असले धंदे पसंत नव्हते म्हणून ती मुखवटा घालून नाचायची. म्हणजे दिवसा विणकामाच्या मास्तरीणबाई आणि रात्री यांकोनं बनवलेला मुखवटा. आता मला सांगा, त्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त रिस्क कोण घेत होतं?

बानहोफश्ट्रासवर या मंडळींची 'गॅलरी दादा' जिथे होती तिथे आम्ही दहा मिनिटं उभे होतो. 1917 च्या मार्चमध्ये तिच्या उद्घाटनाला सोफी बालच्या अशाच एका ध्वनिकवितेवर नाचली होती, शब्दाला अर्थ नाही तर अंगानं काय करायचं हे तिनं शोधून काढलं. ती रुडोल्फ लाबान या नृत्यगुरूच्या शाळेत नाच शिकलेली, म्हणजे हौशी उड्या नव्हेत. हे सांगायला याच्याहून चांगली जागा कुठली? गाइडनं तिथे आर्प कागदाचे तुकडे खाली टाकून कोलाज कसा करायचा ते सांगितलं. बरं, मग सोफी नि आर्पनं मिळून केलेले चौकोनांचे कोलाज तरी सांगायचे, ते पण नाही.

आणि बाहुल्या! यावर मी खरी चिडले. 1918 ला तिनं झुरिकच्या बाहुली-थिएटरसाठी 'किंग श्टाग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोझी या इटालियन नाटककाराच्या जुन्या नाटकाच्या कळसूत्री बाहुल्या केल्या. त्यात गोष्ट पार फिरवून तेव्हाच्या मनोविश्लेषणवाल्यांची टिंगल केलेली, एका पात्राचं नावच फ्रॉइड-अनालिटिकस. बाहुल्या म्हणजे लाकडाचे शंकू, गोळे, नळ्या, आणि जोड कुठेही कापडाखाली लपवलेले नाहीत, कडी न् कडी दिसते. त्यातला पहारेकरी तर एकाच धडाला बरेच पाय नि तलवारी धरलेले हात, सगळी फौज एकात, युद्धाच्या शेवटच्या वर्षात केलेला हा माणूस बघून हसू येतं आणि मग येत नाही. प्रयोग थोडेच झाले, तेव्हा स्पॅनिश फ्लूची साथ होती. त्या बाहुल्या झुरिकच्याच डिझाइन म्युझियमच्या संग्रहात आहेत, शेवटी नुसतं तिकडे बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं.

तिची लाकडी 'दादा डोकी' पण आहेत, टोपी ठेवायच्या स्टँडसारखी दिसणारी, वर रंगवलेली. त्यातलं एक चेहऱ्यापुढे धरून अर्धी लपलेली सोफी, असा 1920 चा फोटो आहे. माझ्या मते दादा म्हणजे काय हे मॅनिफेस्टोपेक्षा त्या फोटोत जास्त कळतं, कारण आरडाओरडा करून मोडतोड करणं एक, आणि बाईनं लेथवर घडवलेल्या नीटस वस्तूनं 'कला मोठी की कारागिरी' हा वादच निकालात काढणं वेगळं. हे मत आहे हां, भांडायला हरकत नाही.

शेवटी मी गाइडला विचारलं की अरे 50 फ्रँकच्या नोटेवर कोण होतं आठवतंय का. तो हसला, म्हणाला हो, सोफी. 1995 ला आलेली ती नोट 2021 ला चलनातून गेली, त्या मालिकेत बाई एकटी हीच. म्हणजे पोराला माहीत होतं, स्क्रिप्टमध्ये नव्हतं.

पाचपैकी तीन स्टार. जायचं तर जा, पण आधी सोफीबद्दल थोडं वाचून जा आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारा, तो प्रश्नांना छान उत्तरं देतो. गल्ल्या दगडी आणि चढाच्या आहेत, पावसात घसरतं, चपला घालून जाऊ नका.