‘फॅक्टरी माउंट’ म्हणून घेतलेली सॅव्हेज ९९ आणि माझे १,६५० डॉलर

आधीच सांगतो, ही माझ्याच गाढवपणाची गोष्ट आहे. बायकोनं दोनदा सांगितलं लिहू नकोस, हसतील लोक. हसा. पण गेल्या महिन्यात ओहायोतल्या एका मित्राचा फोन आला, "अरे एक जुनी मार्लिन रायफल बघतोय, फॅक्टरी माउंटवाली," आणि ते दोन शब्द (म्हणजे रायफलीवर दुर्बीण बसवायची पट्टी कारखान्यातूनच आलेली) ऐकल्यावर माझ्या पोटात परत गोळा आला, म्हणून बसलोय लिहायला.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो, अठरा वर्षं झाली. इथे हरणाची शिकार म्हणजे आपल्याकडे गावची जत्रा असते तसं आहे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सीझन उघडायचा, शाळांना सुट्टी असायची (२०१९ पासून शनिवारी उघडतो, म्हातारी माणसं अजून त्यावरून कुरकुरतात). शेजारच्या आजोबांबरोबर तीन वर्षं नुसता थंडीत कुडकुडत बसलो, मग कोर्स केला, लायसन्स काढलं. इथे हरणाला सेमी ऑटो रायफल (गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप भरणारी) चालत नाही, त्यामुळे जुन्या लिव्हर अ‍ॅक्शन रायफलींना (खालचा दांडा ओढून काडतूस भरायच्या) भयंकर मान. आणि आजोबांकडे होती सॅव्हेज ९९. काय वस्तू आहे राव! वर घोडा (हॅमर) नाही, सगळं आत लपलेलं, काडतुसं फिरत्या पितळी चक्रीत बसतात, आणि डाव्या अंगाला एक बारीकसं भोक ज्यातून आत किती काडतुसं उरलीत त्याचा आकडा दिसतो. १८९९ चं डिझाइन, शंभर वर्षांच्या आसपास बनत होती. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातला, बाबांचं लेथचं वर्कशॉप, लोखंडाचं चांगलं काम दिसलं की हात शिवशिवतात. तर ठरवलं की घ्यायची तर ९९च.

डोळे माझे तिशी संपायच्या आधीच गेलेत, म्हणून स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, पाहिजे होता. आणि वाचून वाचून एवढं डोक्यात बसलं होतं की जुन्या रायफलीला कुणी नंतर घरी माउंटच्या स्क्रूसाठी भोकं पाडली असतील तर ती घेऊ नये, फॅक्टरीतून भोकं असलेलीच घ्यावी. अर्धवट ज्ञान. ह्याच अर्धवट ज्ञानावर तो माणूस जेवला.

गन शोमध्ये एक टेबल. दुकानदार नव्हता, खाजगी माणूस, साठीचा, गोड बोलणारा, माझ्या आडनावाचा उच्चार चक्क बरोबर केला त्यानं. टेबलावर .३०० सॅव्हेज काडतुसाची ९९, वर जुना वीव्हर के-४ स्कोप. म्हणाला १९५४ ची आहे, "फॅक्टरी स्कोप माउंट", एका मालकाची, कधीच न उघडलेली. पुरावा म्हणून त्यानं लिव्हर खाली ओढली आणि सांध्यापाशी लंबगोलातलं बारीक अक्षर दाखवलं, F. हे मला माहीत होतं! सॅव्हेजनं १९४९ पासून लिव्हरवर वर्षाचं अक्षर मारायला सुरुवात केली, A म्हणजे ४९, तर F म्हणजे ५४. बरोबर जुळलं. आणि ९९ ला फॅक्टरीतून वरती माउंटची भोकं साधारण १९५० च्या आसपास यायला लागली, म्हणजे ५४ च्या रायफलीला असणारच. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग त्यानं एक पिवळट जुना खोका काढला, माउंटचा. "ओरिजिनल बॉक्ससुद्धा आहे." खोक्यावर स्वच्छ लिहिलेलं, एल पासो, टेक्सास. आता सॅव्हेजची फॅक्टरी कुठे? आधी न्यूयॉर्क राज्यातलं युटिका, महायुद्धानंतर मॅसॅच्युसेट्समधलं चिकोपी फॉल्स. एल पासोला वीव्हर होती, स्कोप आणि माउंट बनवणारी वेगळी कंपनी. म्हणजे तो ज्याला सॅव्हेजचं फॅक्टरी माउंट म्हणत होता त्याच्या खोक्यावरच लिहिलेलं होतं की हे सॅव्हेजचं नाही, आणि मी तो खोका हातात घेऊन वाचला, आणि म्हणालो वा.

हीच खरी मेख आहे, जी मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती. ह्या जुन्या लिव्हर अ‍ॅक्शनमध्ये "फॅक्टरी माउंट" असं बहुतेक वेळा काही नसतंच. फॅक्टरी फक्त भोकं पाडून, आटे पाडून, त्यात बारीक बुचाचे स्क्रू बसवून द्यायची. माउंट तुम्ही बाहेरून घ्यायचं, वीव्हरचं घ्या, डेन्व्हरच्या रेडफील्डचं घ्या, सॅन अँटोनियोच्या स्टिथचं घ्या. स्टिथचं तर खासच, रायफलीच्या मूळच्याच खाचा आणि स्क्रूच्या जागा वापरून बसायचं, नवीन भोक पाडायलाच नको. तेव्हा कुणी फॅक्टरी माउंट म्हणाला की पहिला प्रश्न, कुठल्या फॅक्टरीचं? आणि माउंट ओरिजिनल आहे का नाही ह्यापेक्षा माउंटखालची भोकं कुणी पाडली हे बघायचं. माउंट काय, जुन्या बाजारात चाळीस डॉलरला मिळतं.

मी म्हटलं स्क्रू काढून खाली बघू का. तर त्यानं एकदम हात आडवा धरला. म्हणाला सत्तर वर्षांत हे स्क्रू हललेले नाहीत, हलवलेस तर किंमत जाईल, मग मी दुसऱ्याला काय सांगू. बोलणं पटण्यासारखं वाटलं. आता फोटो मोठा करून बघतो तर त्या न हललेल्या स्क्रूच्या खाचेच्या कडा चावून खाल्ल्यासारख्या! चुकीच्या मापाच्या स्क्रूड्रायव्हरनं दोनचार वेळा उघडबंद केल्याशिवाय तसं होत नाही. लहानपणी बाबांचा मार खाल्लाय मी ह्याच कारणासाठी.

भाव १,८०० सांगितला, १,६५० ला तुटला. रोख. ह्या राज्यात रहिवाशांनी आपापसात लांब नळीची बंदूक विकायला दुकानातून जावं लागत नाही, त्यामुळे कागद नाही. पावती मागायची लाज वाटली, एवढा गोड माणूस.

पुढच्या शनिवारी रेंजवर गेलो. शंभर यार्डावर गोळ्या सगळ्या उजवीकडे, फूटभर. स्कोपची टोपी काढून स्क्रू फिरवतोय, फिरवतोय, शेवटी संपला फिरायचा, तरी चार इंच बाकी. आणि हे जुने वीव्हर असे असतात की आतला क्रॉस खरोखरच सरकतो, आजच्यासारखा मधोमध राहत नाही. तर स्कोपमधून बघितलं की क्रॉस एका कडेला जाऊन बसलेला, सिनेमात पडद्याच्या कोपऱ्यात उभ्या केलेल्या एक्स्ट्रासारखा. बाजूचा एकजण डोकावून गेला आणि फक्त "हंऽऽ" म्हणाला. त्या हंऽऽ नं मला कळलं.

गनस्मिथकडे नेली. म्हातारा, कमी बोलणारा. त्यानं स्कोपकडे बघितलंच नाही. आधी नळीवरचा पत्ता वाचला आणि मला वाचायला लावला. युटिका, एन. वाय. मग लिव्हरवरचा F दाखवला. मग गप्प बसून माझ्याकडे बघत राहिला, मास्तर फळ्यावर गणित लिहून बघतात तसा. १९५४ मध्ये सॅव्हेज युटिकात नव्हतीच! सिरियल नंबर तीन लाख सत्तर हजारांच्या घरातला, म्हणजे युद्धाच्या आधीची रायफल. (अंदाजासाठी सांगतो, दहा लाखावी ९९ निघाली १९६० ला.) दस्त्याच्या मागची लोखंडी पट्टी काढली, आत लाकडावर नंबर ठोकलेला, तो बॉडीच्या नंबराशी जुळला. म्हणजे रायफल खरी, दस्ता खरा, फक्त लिव्हर दुसऱ्या रायफलीची आणून बसवलेली, त्या एका अक्षरासाठी. का, तर युद्धाच्या आधीच्या ९९ ला वरती फॅक्टरीची भोकं नसतात, आणि ह्याला तर भोकं होती, मग ती फॅक्टरीची ठरवायला वर्ष बदलायला पाहिजे.

मग माउंट काढलं. पुढच्या तुकड्याखाली एक पत्र्याची बारीक पट्टी निघाली, उलटी केली तर लाल रंग आणि अर्धं अक्षर. कोल्ड्रिंकच्या कॅनचा तुकडा कापून खाली सरकवलेला, माउंट सरळ दिसावं म्हणून. भोकं दोन पाहिजेत तर तिथे तीन होती. तिसऱ्यात इपॉक्सी भरून वर काळा मार्कर. आणि भोकांच्या आत चकचकीत पांढरं लोखंड. फॅक्टरीची भोकं ब्लूइंगच्या (लोखंडाला काळपट निळा रंग चढवायच्या) आधी पाडलेली असतात म्हणून ती आतूनही काळपट दिसतात, हे त्यानं दुसरी एक रायफल आणून टॉर्च मारून शेजारी शेजारी दाखवलं. एकदा बघितलं की आयुष्यात विसरणार नाही असा फरक आहे. कडेला जिथे ओरखडे होते तिथे त्यानं अंगठा घासला आणि माझ्या नाकापुढे धरला, सडक्या लसणासारखा उग्र वास. कोल्ड ब्लू, म्हणजे बाटलीतला तसलाच रंग, ओरखडे झाकायला लावतात.

शेवटी किंमत विचारली. म्हणाला आज सहाशे, गिऱ्हाईक मिळालं तर. आणि भोकं पाडली नसती तर? त्याच्या दुप्पट तरी. म्हणजे बघा, ज्या भोकांसाठी मी जास्तीचे पैसे मोजले त्याच भोकांनी तिची किंमत अर्धी केलेली.

त्या माणसाचा फोन लागला नाही, आजतागायत नाही. शोवाले म्हणाले खाजगी व्यवहार, आमचा संबंध नाही. इथल्या छोट्या कोर्टात १२,००० डॉलरपर्यंतचा दावा स्वतः लावता येतो, वकील नको, हे चांगलंय, पण दाव्यात समोरच्याचं नाव पत्ता लागतो. माझ्याकडे होतं फक्त पहिलं नाव, तेही त्यानंच सांगितलेलं. बाकीच्यांनी निदान एवढं करा, टेबलावरच त्याच्या लायसन्सचा फोटो आणि दोन ओळी हातानं लिहून सही घ्या, वर्ष आणि "भोकं फॅक्टरीची" हे शब्द त्यात पाहिजेत. लिहायला नाही म्हणाला तर चहा प्यायला निघून जा.

तर तो ओहायोचा मित्र. त्याला म्हटलं सिरियल वाच. आधी G. मार्लिनमध्ये G म्हणजे १९५०, आणि त्यांच्या ३३६ मॉडेलला वरती स्कोपची भोकं फॅक्टरीतून आली १९५६ च्या सुमाराला. म्हटलं मग वरची भोकं कुणाची? पलीकडे शांतता. अर्थात मार्लिनचं एवढं बिघडत नाही, शिकारीला म्हणून कमी भावात घेतली तर घ्यावी, पण "फॅक्टरी"चे तीनशे जास्त कशाला द्यायचे. त्याच माणसाकडे एक विंचेस्टर ९४ पण होती म्हणे, साठच्या दशकातली, स्कोप अगदी मधोमध नळीच्या रेषेत. आता ९४ मधून झाडलेल्या काडतुसाचं रिकामं कवच सरळ वर उडतं, बाजूनं उडणारं मॉडेल आलं ते ८० च्या दशकात. त्याआधीच्याला स्कोप डाव्या बाजूला सरकवून लावायचे. मधोमध आणि बुटका असेल तर रिकामं कवच काय स्कोपला विचारून जाणार? मित्र म्हणाला तू एवढं कधीपासून शिकलास. म्हटलं फी भरलीय.

बाबांना दोन महिने सांगितलं नव्हतं. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर बायकोनंच सांगितलं, "बाबा, ह्यांना विचारा बंदुकीचं." मग भोकांचा फोटो पाठवला. त्यांनी चष्मा वर केला, फोन डोळ्याला लावल्यासारखा जवळ धरला. म्हणाले, "पंच न मारता हँड ड्रिल लावलंय. ड्रिल सरकलंय बघ. आणि टॅप तिरका गेलाय, आटे एका बाजूलाच धरलेत. जिगवर पाडलेलं भोक असं असतंय होय?" तीन सेकंद लागले त्यांना, सात समुद्रापलीकडून.

मग म्हणाले, किती दिलेस?

मी डॉलरमध्ये सांगितलं. ते ओठ हलवत गुणाकार करायला लागले तेव्हा मी म्हटलं बाबा आवाज कट होतोय.