मिसळणाचा डबा: सहा महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यातील बोहरी आळीतल्या एका दुकानातून घेतलेला सात वाट्यांचा स्टीलचा मिसळणाचा डबा मी सहा महिने रोज वापरत आहे. पूर्वी प्रत्येक मसाला वेगळ्या बरणीत असल्याने मी पाककृतीत दिलेल्या चमच्यांच्या मापाबाहेर जात नसे. आता मोहरी, जिरे, हिंग, हळद, तिखट, धणेपूड आणि गोडा मसाला एकाच वेळी डोळ्यांसमोर असल्यामुळे, मोहरी तडतडू लागल्यावर पुढे काय आणि किती घालावे हे वासावरून व रंगावरून ठरवता येते. मागे एकदा आमसुले संपली होती, तेव्हा तुरीच्या आमटीत मी किसलेली कैरी घातली, चव घेऊन गूळ थोडा वाढवला आणि गोडा मसाला निम्म्यावर आणला. ती आमटी घरात सर्वांना आवडली, याचा मला मनापासून आनंद झाला. दोष एकच, पण महत्त्वाचा: आतले झाकण घट्ट बसत नाही, त्यामुळे हिंगाचा वास जिऱ्याला लागतो. हिंग मी आता वेगळ्या डबीत ठेवते आणि त्या वाटीत मेथीदाणे भरते. डबा घेताना झाकण लावून, तो थोडा तिरका करून अवश्य पाहावा.